मराठी चित्रपटांच्या जाहिरातीतील वैविध्य व प्रतिनिधित्व : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

चित्रपटात कोण आहे आणि त्याच्या जाहिरातीत कोण दिसते, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. प्रस्तुत लेखात मराठी चित्रपटांच्या जाहिरातीतील प्रतिनिधित्वाचे स्वरूप स्पष्ट केले आहे. त्यासाठी बारामती-इंदापूरला लागून असलेल्या भीमा-नीरा खोऱ्यातून पुढे आलेल्या 'फँड्री' व 'सैराट' या चित्रपटांचा मुख्य आधार घेतला आहे. जाहिरातीसंबंधी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या दोन निर्णयांचा परामर्शही घेतला आहे. महाविद्यालयीन अध्यापनात या विषयाचा उपयोग कसा करता येईल, याचे सूचन शेवटी केले आहे.

बीजसंज्ञा : चित्रपट विपणन, प्रतिनिधित्व, वैविध्य, बोलीभाषा, जात, ट्रेलर.

१. प्रस्तावना

कोणताही चित्रपट जितके लोक पाहतात, त्याहून कितीतरी अधिक लोक त्याची जाहिरात पाहतात. तिकीट काढून चित्रपटगृहात जाणारा प्रेक्षक मर्यादित असतो. परंतु चौकातील फलक, वर्तमानपत्रातील चौकट, दूरचित्रवाणीवरील झलक आणि भ्रमणध्वनीवर फिरणारे गाणे यांपासून कोणीही अलिप्त राहू शकत नाही. त्यामुळे समाजातील कोणता घटक 'दिसण्याजोगा' आहे आणि कोणता नाही, याविषयीची सामूहिक समजूत घडविण्यात जाहिरातीचा वाटा मोठा असतो. असे असूनही आपल्याकडील चित्रपट-समीक्षेचा भर कथानक, दिग्दर्शन, अभिनय व संगीत यांवरच राहिला आहे. जाहिरात ही व्यापारी बाब म्हणून बाजूला ठेवली जाते.

बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या दृष्टीने हा प्रश्न विशेष महत्त्वाचा ठरतो. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर येथील ऊसशेती व सहकारी साखर कारखानदारी उभी राहिली. वालचंदनगरसारखी औद्योगिक वसाहत याच भागात वसली. त्याच वेळी जिरायती पट्ट्यातील मेंढपाळ, भीमेकाठचे मासेमार, भटके-विमुक्त समाज आणि गळीत हंगामात मराठवाड्यातून येणारे ऊसतोड कामगार हेही या परिसराचे घटक आहेत. एवढी सामाजिक विविधता असलेल्या प्रदेशातील विद्यार्थ्याला चित्रपटाच्या फलकावर स्वतःचा चेहरा, स्वतःची बोली, स्वतःचे गाव दिसते का, हा केवळ करमणुकीचा प्रश्न नाही.

२. संकल्पनांचे स्पष्टीकरण

जाहिरात ही चित्रपटाची निवडक आवृत्ती असते. दोन-अडीच तासांच्या कलाकृतीतून दोन-अडीच मिनिटांचा ट्रेलर, एक चित्र व एक-दोन गाणी निवडली जातात. या निवडीमागे 'प्रेक्षक कोण' याविषयीचे निर्मात्याचे गृहीतक असते. म्हणूनच जाहिरातीचे विश्लेषण म्हणजे एका अर्थी त्या गृहीतकाचे विश्लेषण होय.

प्रतिनिधित्वाचा विचार चार पातळ्यांवर करता येतो. पहिली पातळी दृश्यतेची : एखादा समाजघटक जाहिरातीत दिसतो की नाही. दुसरी स्थानाची : तो केंद्रस्थानी आहे की पार्श्वभूमीला, नायक आहे की विनोदाचा विषय. तिसरी भाषेची : तो स्वतःच्या बोलीत बोलतो का, आणि ती बोली हसण्यासाठी वापरली आहे की भावना व्यक्त करण्यासाठी. चौथी कर्तृत्वाची : जाहिरातीची भाषा, प्रतिमा व निवड ठरविणाऱ्यांमध्ये त्या घटकातील माणसे आहेत का. केवळ पहिल्या पातळीवरची पूर्तता म्हणजे वैविध्य नव्हे. ट्रेलरमध्ये क्षणभर दिसणारा मेंढपाळ आणि फलकाच्या मध्यभागी उभा असलेला मेंढपाळ यांत मोठे अंतर आहे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

भारतीय चित्रपटाच्या आरंभापासूनच प्रतिनिधित्वाचा प्रश्न त्याला चिकटलेला आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये प्रदर्शित झाला, तेव्हा तारामतीची भूमिका अण्णा साळुंके या पुरुष कलावंताने केली होती. स्त्री-कलावंत मिळविण्याचे फाळके यांचे प्रयत्न त्या वेळी निष्फळ ठरले होते. लवकरच 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या.

जाहिरातीच्या कलेला महाराष्ट्रात प्रतिष्ठा मिळवून दिली ती कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी. चित्रकार असलेल्या पेंटर यांनी आपल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या चित्रपटांसाठी रंगविलेली भित्तिपत्रके प्रसिद्ध आहेत. 'कल्याण खजिना' (१९२४) या चित्रपटाचे भित्तिपत्रक भारतातील उपलब्ध भित्तिपत्रकांपैकी सर्वांत जुन्यांत गणले जाते. याच पेंटरांनी १९२५ मध्ये 'सावकारी पाश' काढून कर्जबाजारी शेतकऱ्याला चित्रपटाच्या केंद्रस्थानी आणले.

पुढील काळात ग्रामीण महाराष्ट्र पडद्यावर आला, तो प्रामुख्याने तमाशापटांच्या रूपाने. १९५९ मधील 'सांगत्ये ऐका' या अनंत माने यांच्या चित्रपटाला मिळालेल्या प्रचंड यशानंतर पाटील, फड व लावणी नर्तकी ही चौकट स्थिर झाली. ग्रामीण भागात जत्रांमधून तंबूत चित्रपट दाखविणाऱ्या फिरत्या टॉकीज आणि ध्वनिक्षेपकावरून गावोगाव केली जाणारी पुकार यांच्या साहाय्याने हे चित्रपट वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचले. जाहिरातीचा विचार करता येथे एक विसंगती दिसते. फलकावर नर्तकी ठळक असे. परंतु तमाशाची कला ज्या दलित व भटक्या समाजांनी जतन केली, त्यांची ओळख फलकावर कोठेच नसे. कला दिसत होती, कलेचे धनी दिसत नव्हते. १९७१ मधील 'सोंगाड्या'पासून दादा कोंडके यांनी खेडवळ, भोळसट माणसाला नायकाचे स्थान दिले, ही गोष्ट लक्षणीय आहे. तथापि त्यांच्या चित्रपटांच्या प्रसिद्धीत ग्रामीण बोलीची ओळख द्व्यर्थी विनोदाशी जोडली गेली. नागर व्यक्तिरेखा गंभीर व ग्रामीण व्यक्तिरेखा हास्यास्पद, ही विभागणी मराठी मनोरंजनात त्यानंतरही दीर्घकाळ टिकून राहिली.

४. शीर्षकातून प्रतिनिधित्व : 'फँड्री' व 'ख्वाडा'

इंदापूर तालुक्याच्या सीमेवर भीमेचा उजनी जलाशय आहे. त्याच्या पलीकडे सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुका लागतो. दिग्दर्शक नागराज मंजुळे हे याच तालुक्यातील जेऊरचे. त्यांचा 'फँड्री' १४ फेब्रुवारी २०१४ रोजी चित्रपटगृहांत प्रदर्शित झाला. कैकाडी समाजातील जब्या या शाळकरी मुलाची ही कथा आहे. गावातील डुकरे पकडण्याचे काम त्याच्या कुटुंबाच्या माथी मारलेले आहे. 'फँड्री' या शब्दाचा कैकाडी भाषेतील अर्थ डुक्कर असा होतो.

या चित्रपटाच्या प्रसिद्धीत दोन परस्परविरोधी प्रवृत्ती एकत्र आढळतात. पहिली प्रवृत्ती शीर्षकाची. बहुसंख्य मराठी भाषकांना न कळणारा, एका भटक्या समाजाच्या भाषेतील शब्द कोणत्याही भाषांतराशिवाय फलकावर आला. 'फँड्री म्हणजे काय?' हा प्रश्न राज्यभर विचारला गेला, आणि तो प्रश्न हीच जाहिरात ठरली. ज्या भाषेला पाठ्यपुस्तकात स्थान नाही, तिचा एक शब्द अशा रीतीने सर्वतोमुखी झाला. दुसरी प्रवृत्ती प्रेमकथेची. प्रदर्शनासाठी 'व्हॅलेंटाईन दिन' निवडण्यात आला. शिवाय अजय-अतुल या संगीतकारांचे एक गीत प्रसिद्धीसाठी तयार करण्यात आले. ते प्रत्यक्ष चित्रपटात नव्हते. परिणामी कोवळ्या प्रेमाची गोष्ट पाहण्यासाठी आलेला प्रेक्षक अखेरीस अशा प्रसंगापाशी येऊन थांबला, की जेथे मारलेले डुक्कर खांद्यावर घेऊन जाणारे कुटुंब शाळेच्या भिंतीवरील महात्मा फुले, सावित्रीबाई फुले व डॉ. आंबेडकर यांच्या चित्रांसमोरून जाते, आणि जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो.

शीर्षकाचा हाच मार्ग भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'ख्वाडा' (२०१५) या चित्रपटातही दिसतो. 'ख्वाडा' म्हणजे अडथळा. प्रमाण मराठीत न लिहिला जाणारा हा उच्चार जसाच्या तसा फलकावर आला. मेंढ्या घेऊन भटकणाऱ्या धनगर कुटुंबाची ही कथा. बारामती व इंदापूर तालुक्यांत धनगर समाजाची वस्ती मोठी आहे. त्यामुळे वाडा, मेंढरे, चराईवरून होणारे संघर्ष या गोष्टी येथील प्रेक्षकाला नव्याने सांगाव्या लागत नाहीत. त्यांच्या दृष्टीने नवलाची गोष्ट एवढीच, की हे जगणे फलकाच्या मध्यभागी होते.

५. 'सैराट' : जे दाखविले आणि जे झाकले

'सैराट' २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला आणि तिकीटविक्रीतून शंभर कोटी रुपयांचा टप्पा ओलांडणारा पहिला मराठी चित्रपट ठरला. त्याचे बरेचसे चित्रण करमाळा परिसरात झाले. नायिका रिंकू राजगुरू ही इंदापूर तालुक्यापासून नीरा ओलांडताच लागणाऱ्या अकलूजची शाळकरी मुलगी होती. नायक आकाश ठोसर करमाळ्याचा. दोघांचाही हा पहिलाच चित्रपट. प्रस्थापित तारा-तारकांशिवाय चित्रपट चालत नाही, हा विपणनातील समज या यशाने खोटा ठरविला.

या चित्रपटाच्या प्रसिद्धीचे स्वरूप बारकाईने पाहण्यासारखे आहे. तिचा मुख्य आधार संगीत हा होता. प्रदर्शनापूर्वीच गाणी घरोघरी पोहोचली. चित्रपटाच्या संगीताचे काही ध्वनिमुद्रण अमेरिकेतील वाद्यवृंदासह झाल्याची वार्ताही प्रसिद्धीचा भाग बनली. फेब्रुवारी २०१६ मध्ये बर्लिन येथील आंतरराष्ट्रीय महोत्सवात झालेले प्रदर्शन आणि राष्ट्रीय पुरस्कारांत रिंकू राजगुरू हिचा झालेला विशेष उल्लेख यांमुळे चित्रपटाला प्रतिष्ठा लाभली. 'चला हवा येऊ द्या'सारख्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातून हे कलाकार घराघरांत गेले.

प्रतिनिधित्वाच्या चार पातळ्या येथे लावून पाहता पुढील चित्र दिसते. दृश्यता व भाषा या पातळ्यांवर 'सैराट'ची जाहिरात क्रांतिकारक म्हणावी लागेल. उसाचे फड, विहिरी, केळीच्या बागा व जलाशयाचा काठ हा भूभाग प्रेमकथेचे नेपथ्य म्हणून भव्यतेने सादर झाला. भीमाकाठची बोली नायिकेच्या तोंडी आली, आणि ती हसे करण्यासाठी नव्हे, तर अधिकारवाणी म्हणून आली. बुलेट व ट्रॅक्टर चालविणारी, मुलांना दरडावणारी आर्ची ही प्रसिद्धीचा केंद्रबिंदू झाली. मराठी नायिकेची रूढ प्रतिमा त्यामुळे बदलली.

परंतु स्थानाच्या पातळीवर प्रश्न शिल्लक राहतो. चित्रपटाचा गाभा जातीचा आहे. आर्ची ही सत्ताधारी पाटील घराण्यातील, तर परश्या पारधी कुटुंबातील. पळून गेल्यानंतरचे हैदराबादच्या झोपडपट्टीतील जीवन आणि अखेरची हत्या ही कथेची अर्धी बाजू प्रसिद्धीत आली नाही. लोकांनी पाहिली, गुणगुणली ती पहिली बाजू. लग्नाच्या वरातीत वाजणाऱ्या गाण्यातून परश्याची जात कळत नाही.

याविषयी दोन मते संभवतात. पहिल्या मतानुसार हे मौन योग्यच होते. जातीचा उल्लेख फलकावर असता, तर ज्या प्रेक्षकाने तो चित्रपट पाहणे सर्वाधिक गरजेचे होते, तोच चित्रपटगृहात आला नसता. गाण्यांच्या ओढीने आलेल्या प्रेक्षकाला शेवटच्या निःशब्द प्रसंगाने हादरविणे, ही या मांडणीची ताकद होती. दुसऱ्या मतानुसार, पाहणाऱ्यांपेक्षा जाहिरात पाहणारे अधिक असल्याने समाजात टिकते ती जाहिरातीची आवृत्तीच. कथेतील वेदना विसरली जाते आणि ठेका उरतो. या दोन मतांपैकी पहिले मत चित्रपट पाहणाऱ्याच्या बाबतीत अधिक खरे आहे, आणि दुसरे न पाहणाऱ्याच्या बाबतीत. म्हणजेच एकाच जाहिरातीचा परिणाम दोन प्रेक्षकांवर भिन्न होतो. जाहिरातीचे मूल्यमापन करताना हा भेद ध्यानात घेणे आवश्यक आहे.

'सैराट'च्या पुनर्निर्मितींतून हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. २०१८ मध्ये हिंदीत 'धडक' आला. कथा राजस्थानात नेण्यात आली, प्रमुख भूमिका चित्रपट-कुटुंबांतील कलाकारांकडे आल्या, आणि जातीचा धागा क्षीण झाल्याची टीका समीक्षकांनी केली. मूळ चित्रपटाच्या प्रसिद्धीत जात झाकलेली असली, तरी चित्रपटात ती ठाम होती. पुनर्निर्मितीने जणू जाहिरातीतील आवृत्तीच मूळ मानली. व्यापक बाजारपेठेसाठी प्रसिद्धीत केलेली तडजोड पुढे कथेतच कशी झिरपते, याचे हे उदाहरण होय.

६. लिंग, वय आणि खेळांची वेळ

वैविध्य म्हणजे केवळ जात व प्रदेश नव्हे. केदार शिंदे दिग्दर्शित 'बाईपण भारी देवा' (जून २०२३) या चित्रपटाच्या फलकावर सहा बहिणी होत्या, आणि त्यांतील बहुतेक मध्यमवयीन किंवा त्याहून ज्येष्ठ होत्या. तरुण नायक-नायिकेशिवाय फलक पूर्ण होत नाही, हा संकेत येथे मोडला गेला. मंगळागौरीसारख्या परिचित प्रसंगाभोवती प्रसिद्धी रचली गेली, आणि स्त्रिया गटागटाने चित्रपटगृहात आल्या. ज्या प्रेक्षकवर्गाला कोणी संबोधित केलेच नव्हते, त्याला संबोधित केल्यास व्यापारही साधतो, हे यातून सिद्ध झाले.

मात्र फलक लागला म्हणजे चित्रपट पोहोचला असे नाही. मराठी चित्रपटांना बहुपडदा चित्रपटगृहांत सोयीच्या वेळेचे खेळ मिळावेत, यासाठी राज्य शासनाला २०१५ मध्ये भूमिका घ्यावी लागली. २०२३ मध्ये भाऊराव कऱ्हाडे यांच्या 'टीडीएम' या चित्रपटाला पुरेसे खेळ मिळत नसल्याची तक्रार निर्मात्यांनी जाहीरपणे मांडली. नवोदित ग्रामीण चेहऱ्यांच्या चित्रपटाची जाहिरात होते, परंतु नोकरदार व विद्यार्थी येऊ शकतील अशी वेळ मिळत नाही, तेव्हा ते प्रतिनिधित्व कागदावरच राहते.

७. न्यायालयीन दृष्टिकोन

जाहिरातीने चित्रपटाशी प्रामाणिक राहावे, असे कायदा सांगतो का? या प्रश्नाचे उत्तर देणारे एक प्रकरण महाराष्ट्रातच उद्भवले. २०१६ मधील 'फॅन' या हिंदी चित्रपटाच्या प्रसिद्धीत एक गाणे वारंवार दाखविले गेले. प्रत्यक्ष चित्रपटात ते नव्हते. औरंगाबाद येथील एका शिक्षिकेने याविरुद्ध ग्राहक मंचाकडे दाद मागितली. राज्य आयोगाने नुकसानभरपाईचा आदेश दिला व राष्ट्रीय आयोगाने तो कायम ठेवला. परंतु २२ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा आदेश रद्द केला. प्रसिद्धीसाठीची झलक ही प्रेक्षकाशी केलेला करार नव्हे, आणि त्यातील आशय चित्रपटात नसणे ही आपोआप सेवेतील त्रुटी ठरत नाही, असा त्याचा आशय आहे. 'फँड्री'च्या गीताचा विचार या पार्श्वभूमीवर करता येईल.

दुसरा निर्णय ८ जुलै २०२४ चा. 'आँख मिचोली' या हिंदी चित्रपटाच्या ट्रेलरमधील दिव्यांग व्यक्तींच्या चित्रणास निपुण मल्होत्रा यांनी आव्हान दिले होते. सर्वोच्च न्यायालयाने दृक्-श्राव्य माध्यमांसाठी मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. दिव्यांगत्वाची हेटाळणी करणारा विनोद आणि दिव्यांगत्व समजून घेण्यास मदत करणारा विनोद यांत न्यायालयाने भेद केला, आणि चित्रणाच्या प्रक्रियेत दिव्यांग व्यक्तींचा सहभाग असावा यावर भर दिला. या निर्णयाने प्रतिनिधित्वाच्या चौथ्या पातळीला, म्हणजे कर्तृत्वाला, न्यायालयीन मान्यता मिळाली असे म्हणता येईल.

दोन्ही निर्णय एकत्र वाचता असे दिसते, की जाहिरात आणि चित्रपट यांतील अंतर भरून काढण्याची जबाबदारी कायदा निर्मात्यावर पूर्णतः टाकीत नाही. ती बव्हंशी सुजाण प्रेक्षकावर येते. आणि सुजाण प्रेक्षक घडविणे हे शिक्षणाचे काम आहे.

८. अध्यापनातील उपयोजन

मराठी, वाणिज्य, समाजशास्त्र व माध्यम अभ्यास या विषयांच्या अध्यापकांना हा विषय समान भूमीवर आणू शकतो. एका चित्रपटाचे फलक, ट्रेलर व एक प्रसिद्धी-गीत घेऊन विद्यार्थ्यांना पुढील प्रश्न देता येतील. फलकाच्या मध्यभागी कोण आहे व कडेला कोण? ट्रेलरमध्ये कोण बोलते, कोणत्या बोलीत, आणि त्या वाक्यावर हसणे अपेक्षित आहे का? चित्रपटात महत्त्वाची असलेली, परंतु जाहिरातीत नसलेली व्यक्ती कोणती? ही जाहिरात कोणत्या प्रेक्षकाला उद्देशून आहे व कोणाला ती गृहीत धरीत नाही?

बारामती-इंदापूर परिसरातील वर्गात या प्रश्नांची उत्तरे एकसारखी येणार नाहीत. बागायतदाराच्या घरातील विद्यार्थिनी, वाड्यावर वाढलेला मेंढपाळाचा मुलगा, वालचंदनगरच्या कामगार वसाहतीतील विद्यार्थी आणि ऊसतोड कुटुंबातील मुलगी यांना 'सैराट'चा एकच फलक चार प्रकारे दिसू शकतो. उत्तरांतील हे अंतर हीच अभ्याससामग्री होय. जातीविषयी थेट बोलणे वर्गात अनेकदा अवघड जाते. फलकावरील एका रिकाम्या जागेपासून सुरुवात केल्यास ते बोलणे शक्य होते.

९. निष्कर्ष

१. चित्रपटातील प्रतिनिधित्व व जाहिरातीतील प्रतिनिधित्व यांचा स्वतंत्रपणे विचार करणे आवश्यक आहे.

२. मराठी चित्रपटांच्या जाहिरातीत ग्रामीण माणूस पूर्वीपासून दिसत आला. परंतु विनोदाचा वा नृत्याचा विषय न राहता केंद्रस्थानी येण्याची प्रक्रिया 'फँड्री', 'ख्वाडा' व 'सैराट' यांनी गतिमान केली.

३. बोली व भूप्रदेश यांना जाहिरातीने जितक्या सहजतेने स्वीकारले, तितके जातीच्या वास्तवाला स्वीकारलेले नाही.

४. वैविध्याला प्रेक्षक मिळत नाही हे गृहीतक 'सैराट' व 'बाईपण भारी देवा' यांच्या व्यावसायिक यशाने निराधार ठरविले आहे.

५. दृश्यतेकडून कर्तृत्वाकडे जाणे, म्हणजेच जाहिरातीविषयी निर्णय घेणाऱ्यांत वंचित घटकांचा सहभाग वाढणे, ही पुढील पायरी होय.

भीमा-नीरेच्या काठावरील मुले-मुली आता कॅमेऱ्यासमोर पोहोचली आहेत. फलकावर काय ठेवायचे व काय वगळायचे हे ज्या खोलीत ठरते, त्या खोलीतही ती पोहोचावीत, यासाठी लागणारी दृष्टी व कौशल्ये या परिसरातील महाविद्यालयांनाच द्यावी लागतील.